सदर इसम मिळून आला नाही

प्रेमराजनं मोहिनीचा डावा हात मनगटात मोडला, कारण तिला पुन्हा नोकरी करायची होती. शिरपूरला शिकून ती लॅब टेक्निशियन झाली होती. लग्नाआधी दोन वर्षं एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्याचं काम तिनं केलंही होतं. सासरी आल्यावर तिची सगळी सर्टिफिकिटं सासऱ्यांच्या लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात. चार वर्षं ती मागत राहिली. पाचव्या वर्षी तिनं किल्ली स्वतःच घेतली. कपाट उघडत असताना प्रेमराज मागून आला आणि त्यानं कपाटाचं दार तिच्या हातावर लोटलं. एकदा नाही, तीनदा.

सासरे जीवराम नाना ओसरीवर पेपर वाचत होते. ते माजी सरपंच, शिवाय गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. "हळू," एवढंच ते म्हणाले. दाराला म्हणाले की मुलाला, हे मोहिनीला कळलं नाही.

हे तापीकाठच्या एका तालुक्यात घडलं. तालुक्याचं नाव सांगत नाही. कुठलंही सांगितलं तरी बाकीचे तालुके सुटकेचा निःश्वास सोडतील, आणि तेवढी त्यांची लायकी नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर मान घालून विचारलं, "कशा पडलात?"

"पडले नाही."

डॉक्टरांनी "पडल्यामुळे" असं आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांनी मोहिनीकडे पाहिलं, मग लिहिलेल्या शब्दाकडे पाहिलं, आणि खोडाखोड नको म्हणून तो तसाच राहू दिला. हातात धातूची पट्टी बसवली. काम चांगलं केलं. हाड नीट जुळलं, कागद जुळला नाही.

मोहिनीची आई केसरबाई पारोळ्याच्या पलीकडे राहते. नवरा गेल्यावर वीस वर्षं तिनं चार एकर एकटीनं पिकवलं. कपाशी, मका, कडेला थोडी तूर. बोलते अहिराणीत, आणि समोर कलेक्टर असला तरी भाषा बदलत नाही. ती दवाखान्यात आली, लेकीचा हात पाहिला आणि रडली नाही. बॅग उचलून म्हणाली, "चाल. आते त्या घरमा पाय ठेवानं काम नही."

तालुक्याला महिलांसाठी एक संरक्षण अधिकारी असते. तिचं नाव शिल्पा. तिच्याकडे तीन तालुके होते, एक टेबल होतं आणि गाडी नव्हती. नेमणूक कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नव्यानं. तिनं मोहिनीचा अर्ज स्वतः लिहून घेतला, दवाखान्याचा तो "पडल्यामुळे" शब्द अधोरेखित केला, शेजारी खरं काय ते लिहिलं आणि अर्ज कोर्टात दाखल केला. न्यायाधीशबाईंनी दोन तारखांत आदेश दिला. प्रेमराजनं मोहिनीच्या जवळ यायचं नाही, ती राहील वा काम करेल तिथं फिरकायचं नाही, आणि तिची सर्टिफिकिटं आठ दिवसांत परत करायची. तारीख सतरा जुलै. इथपर्यंत सरकारनं काम केलं. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुन्हा तसं म्हणायची वेळ लवकर येणार नाही.

आदेश झाला की तो ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या हातात पडावा लागतो. त्याला बजावणी म्हणतात. हातात पडला नाही, तर त्याला माहीतच नव्हतं असं त्याचा वकील म्हणू शकतो, आणि वकील ते म्हणतोच. कायद्यात नोटीस दोन दिवसांत पोचवायला सांगितलंय. या बजावणीला चार महिने लागत होते आणि तरी ती होत नव्हती.

शिल्पा स्वतः एकदा त्या गावी गेली होती, एस.टी.नं. जीवराम नानांनी तिला चहा दिला, मुलगा बाहेरगावी असल्याचं सांगितलं आणि निघताना प्रेमळपणे विचारलं, "तुमची ऑर्डर कधी संपते हो, ताई? फेब्रुवारीत ना?" त्यानंतर ती गेली नाही. तिनं आदेश पोलीस ठाण्याला पाठवला, "योग्य त्या मदतीस्तव". ठाण्यातून उत्तर आलं: "सदर इसम मिळून आला नाही." ऑगस्टमध्ये पुन्हा पाठवला. "सदर इसम मिळून आला नाही." ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा. तेच वाक्य, तीच सही. फक्त शिक्का जरा तिरका.

ही तिन्ही उत्तरं हवालदार अभिमन यांच्या हातची. अभिमन वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायला जी मेहनत लागते तीही त्यानं कधी घेतली नव्हती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात केसरबाई ठाण्यात गेली. कापसाची वेचणी अर्धी टाकून गेली होती, त्यामुळे तिच्याकडे वेळ नव्हता. ती बाकावर बसली नाही.

"मना जवाईना कागदनं काय व्हयनं?"

अभिमननं रजिस्टर उघडलं. "अक्का, तीन वेळा जाऊन आलो. मिळून येत नाही."

"कोठे गयथा तू?"

"गावात. घरी."

"आनि तो रसवाला दखा का तुनी? तुन्हा दारना समोर?"

ठाण्याच्या फाटकासमोर उसाच्या रसाचं दुकान होतं. त्याच्या बाकावर प्रेमराज पाय सोडून बसला होता. पांढरा शर्ट, हातात मोठा ग्लास. दोन शिपाई त्याच्याशी हसत बोलत होते.

"डोया फुटी ग्यात का तुना? तो बठेल शे. रस पी ऱ्हायना."

अभिमननं खिडकीतून पाहिलं. मग घसा साफ केला. "अक्का, मला दिसतोय. पण तो त्याच्या राहत्या पत्त्यावर मिळून यायला पाहिजे. आदेशावर पत्ता गावचा आहे. इथं रस्त्यावर दिला तर उद्या कोर्टात..."

"उद्या कोर्टमा काय?"

उद्या कोर्टात काय, ते अभिमनला माहीत नव्हतं. त्यानं वरिष्ठांचं नाव घेतलं. वरिष्ठ बंदोबस्ताला गेले होते. बंदोबस्त एका सभेचा होता, आणि सभा महिलांच्या सुरक्षेवर होती. हे काही मी रचून सांगत नाही. त्या महिन्यात तशा सभा फार झाल्या.

केसरबाई रसवंतीपर्यंत गेली. प्रेमराजनं तिला पाहिलं, ग्लास ठेवला आणि वाकून तिच्या पाया पडला. चारचौघांत. "कशा आहात, आई?" ती एक पाऊल मागं सरली. पाया पडणाऱ्या जावयाला शिव्या द्यायच्या तर लोक तिलाच नावं ठेवणार, हे त्याला ठाऊक होतं. ती घरी आली आणि उरलेली वेचणी करायला गेली.

मोहिनी तेव्हा आईकडे होती. जळगावच्या एका लॅबनं तिला तोंडी होकार दिला होता, पण डिप्लोमा आणि नोंदणीचं कार्ड दाखवल्याशिवाय रुजू करून घेणार नव्हते. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "डिसेंबरपर्यंत जागा धरतो. पुढं नाही." दुसरी प्रत काढायला तिनं अर्ज केला, तर मूळ प्रत हरवल्याची पोलिसांची नोंद मागितली. ती हरवली नव्हतीच. कपाटात होती. पोलिसांना ते कपाट मिळून येत नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी तिला एक फोन आला. आवाज गोड होता, कार्यालयीन होता.

"मोहिनीताई का? अभिनंदन. महिला सुरक्षा पंधरवडा आहे ना, त्याचा समारोप आहे सोमवारी. तुमचं प्रकरण आम्ही यशोगाथेत घेतलंय."

"कशात?"

"यशोगाथा. तालुक्यातून पाच निवडल्या. तुम्हाला आदेश मिळाला ना? मिळाला. म्हणजे लाभ मिळाला. जिल्ह्यावरून मॅडम येणार आहेत. तुमचा सत्कार, आणि दोन मिनिटं मनोगत. काय बोलायचं ते आम्ही लिहून देऊ."

मोहिनी नाही म्हणणार होती. तोंडात शब्द आलाही होता. मग तिनं विचारलं, "स्टेजवर आणखी कोण असेल?"

"सगळेच. तहसीलदार साहेब, पीआय साहेब, आपले अभियानाचे तालुका समन्वयक प्रेमराजभाऊ..."

त्या माणसानं हे नाव सरळ घेतलं. तो काही कट करत नव्हता. यादी वेगळ्या टेबलावर झाली होती, बॅनर वेगळ्या टेबलावर, आणि दोन्ही टेबलं एकमेकांचे कागद वाचत नव्हती. नारी सन्मान अभियानाला उत्साही तरुण हवा होता. माजी सरपंचाचा मुलगा होता, गाडी होती, शर्ट पांढरा होता. यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं.

"येते मी," मोहिनी म्हणाली. "लिहून देऊ नका. माझं मी बोलेन."

मग तिनं शिल्पाला फोन केला. शिल्पानं सगळं ऐकलं.

"मोहिनी, माझी ऑर्डर फेब्रुवारीत संपते."

"माहीत आहे, मॅडम."

"मला दोन मुलं आहेत."

"तेही माहीत आहे. मी काही मागत नाही. फक्त तो कागद तेव्हा तुमच्याजवळ असेल का, एवढंच विचारते."

"मूळ कागद जुलैपासून माझ्या पर्समध्येच आहे," शिल्पा म्हणाली. "बाहेर काढला की लाज वाटते म्हणून काढत नाही."

सोमवारी सभागृहात तीनशे बायका होत्या. अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटाच्या बायका. त्यांना सकाळी नऊला बोलावलं होतं, पाहुण्या साडेबाराला आल्या. मधल्या वेळात त्यांच्याकडून "अन्याय सहन करणार नाही" अशी शपथ दोनदा म्हणवून घेतली, माईकची तपासणी म्हणून. स्टेजच्या मागं बॅनर होता. त्यावर आठ पुरुषांचे फोटो होते, एका बाईचा, आणि कोपऱ्यात एका कळीचं चित्र. तिसरा फोटो प्रेमराजचा, हात जोडलेला.

शिल्पाला बिल्ले वाटायचं काम दिलं होतं. तिनं केसरबाईच्या पदराला बिल्ला लावला. केसरबाईनं तिच्या हातावर हात ठेवला.

भाषणं झाली. एक साहेब म्हणाले, स्त्री ही देवी आहे. दुसरे म्हणाले, स्त्री ही शक्ती आहे. पीआय साहेबांनी हेल्पलाइनचा नंबर सांगितला आणि फोन करा, आम्ही दहा मिनिटांत पोचतो, असं सांगितलं. प्रेमराज छान बोलला. "आपल्या घरापासून सुरुवात करू या," असं तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

मग सूत्रसंचालकानं नाव पुकारलं. प्रेमराजनं मान वर केली. मोहिनी पायऱ्या चढून आली, शाल घेतली, नारळ घेतला, दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या आणि माईकपाशी उभी राहिली. आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. माईकवाल्याला वाटलं माईक बंद आहे, तो उठला. तोवर ती बोलायला लागली.

"माझं नाव मोहिनी. माझ्या नवऱ्यानं माझा हात मोडला. सतरा जुलैला कोर्टानं आदेश दिला. त्यानं माझ्याजवळ यायचं नाही आणि माझी सर्टिफिकिटं परत करायची. चार महिने झाले, आदेश त्याला मिळाला नाही. पोलिसांनी तीनदा लिहून दिलंय, सदर इसम मिळून आला नाही." ती थांबली. "मला मिळून आला. डावीकडून तिसरी खुर्ची."

सभागृहात तीनशे माना एकदम डावीकडे वळल्या. काही बायकांनी खुर्च्या मोजल्या, बोटं दाखवून.

सूत्रसंचालक धावला. "धन्यवाद ताई, अत्यंत भावपूर्ण असं मनोगत आपण..." त्यानं माईक धरला, पण मोहिनी माईक सोडेना.

शिल्पा तोवर स्टेजवर आली होती. बिल्ल्यांचा डबा अजून तिच्या काखेत होता. तिनं पर्समधून कागद काढला, तो चार घड्या पडून मऊ झालेला, आणि प्रेमराजच्या समोर धरला.

"संरक्षण अधिकारी म्हणून कोर्टाचा आदेश बजावते आहे. इथं सही करा."

"हा काय तमाशा?" प्रेमराज हसत म्हणाला, पण हसू एका बाजूलाच आलं. "घरातला विषय आहे. स्टेजवर आणायचा का? साहेब, सांगा ना यांना."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पीआय साहेबांनी बंदोबस्ताला उभ्या असलेल्या अभिमनकडे पाहिलं, जणू स्टेजवर खुर्च्या त्यानंच मांडल्या होत्या. जिल्ह्यावरून आलेल्या मॅडमनी कागद मागून घेतला. पूर्ण वाचला. त्या दिवशी तिथं कोणी काही वाचलं असेल तर ते एवढंच.

"आदेश जुलैचा आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी कागद शिल्पाला परत दिला.

"सही नाही केली तरी चालेल," शिल्पा म्हणाली. आता तिचा आवाज तिलाच नवा वाटत होता. "स्वीकारायला नकार दिला असं लिहीन. साक्षीला दोघं लागतील."

पहिल्या रांगेतून एक अंगणवाडी सेविका उठली. "मी सही करते." मग दुसरी. मग सगळी रांगच उठली, आणि मागच्या रांगांतून मोबाइल वर आले. प्रेमराजनं ते मोबाइल पाहिले. बायको, सासू, कोर्ट, कशालाच तो भ्याला नव्हता. मोबाइलला भ्याला. त्यानं सही केली. अभिमननं पुढं होऊन वेळ लिहिली, एक वाजून वीस मिनिटं, आणि आपलंही नाव टाकलं. न सांगता.

केसरबाई खाली उभी होती. ती एवढंच म्हणाली, "हाई दोन मिनिटनं काम व्हतं." आणि मग ती रडली. दवाखान्यात राहिलेलं रडणं होतं ते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: "महिला सुरक्षा पंधरवड्याचा उत्साहात समारोप." फोटो भाषणांचा होता. आठवड्यानं शिल्पाला कारणे दाखवा नोटीस मिळाली, "कार्यक्रमाच्या औचित्यास बाधा आणल्याबाबत". ती नोटीस मात्र दोन तासांत बजावली गेली, तिच्या टेबलावर, शिपायाच्या हस्ते. तिनं एका वाक्यात उत्तर दिलं: आदेश बजावणे हे माझे काम आहे. फेब्रुवारीत तिची मुदत वाढवली नाही. मार्चमध्ये वाढवली, कारण जागा भरायला दुसरं कोणी तयारच झालं नाही.

सर्टिफिकिटं सहाव्या दिवशी अभिमनच्या हस्ते आली. नोंदणीच्या कार्डावरचा मोहिनीचा चेहरा ब्लेडनं खरवडलेला होता. मोहिनीनं ते बराच वेळ हातात धरलं. मग डिप्लोम्याच्या जोरावर नवं कार्ड काढलं आणि डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला लॅबमध्ये रुजू झाली. असोद्यात तिनं खोली घेतली. तिथून जळगाव जवळ, बस मिळते.

जानेवारीत प्रेमराज लॅबसमोर येऊन उभा राहिला. तीन दिवस. काही बोलायचा नाही, नुसता पाहायचा. चौथ्या दिवशी मोहिनीनं तक्रार दिली. या वेळी आदेशावर त्याची सही होती, तारीख होती, वेळ होती. "मला माहीत नव्हतं," हे त्याला म्हणता आलं नाही. दोन रात्री तो कोठडीत होता, मग जामिनावर सुटला. खटला चालू आहे. अभियानानं त्याला समन्वयक पदावरून काढलं आणि सल्लागार केलं.

हात थंडीत अजून दुखतो. सुई धरायला उजवा लागतो, म्हणून निभावतं.

मार्चमध्ये ठाण्यातून केसरबाईला निरोप आला. महिला दक्षता समिती नव्यानं करायची होती. जिल्ह्यावरच्या मॅडमनी त्या स्टेजखालच्या आजीचं नाव सुचवलं होतं. तालुक्याबाहेरची आहे, हे कोणी तपासलं नाही. त्यांच्या न वाचण्याचा या गोष्टीत झालेला हा एकच फायदा.

"काय करस ती समिती?" केसरबाईनं विचारलं.

"महिन्याला बैठक असते, अक्का. चहा-नाश्ता असतो."

"मंग मी येसू."

बैठकीला सात बायका होत्या, पीआय साहेब होते आणि इतिवृत्त लिहायला अभिमन. पोहे आले. केसरबाईनं ताटली बाजूला सारली.

"मनी पोरसारखा कितला कागद पडेल शेतस तुनाकडे? बठ्ठा काढ."

अभिमननं साहेबांकडे पाहिलं. साहेब पोहे खात होते. त्यानं उठून कपाट उघडलं आणि एक गठ्ठा आणला. अकरा आदेश निघाले. प्रत्येकाला तेच वाक्य टाचलेलं. तो एकेक वाचू लागला: नाव, गाव, तारीख. केसरबाई प्रत्येक नावाला विचारी, माणूस कुठं असतो? बाकीच्या बायका सांगू लागल्या. हा तर बाजार समितीत हमालीला असतो. हा रोज सकाळी दूध घालायला येतो. हा माझ्याच गल्लीत राहतो, बाई. पहिल्या नऊ जणांचे पत्ते पोहे गार व्हायच्या आत निघाले.

दहाव्यापाशी अभिमन अडखळला. "हा सोडा. निकाली काढायचाय."

"काब्र?"

"बाई वारली. गेल्या भादव्यात."

"कसानी वारी?"

"विहिरीत. पाय घसरून. तशी नोंद आहे."

"आनि कागद कव्हयना शे?"

अभिमननं तारीख पाहिली. ती आदल्या वर्षीच्या जूनची होती. आदेश कपाटात चौदा महिने पडून होता, मग ती बाई विहिरीत पडली. साहेबांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "इतिवृत्तात घ्या. प्रलंबित आदेशांबाबत चर्चा झाली."

अभिमननं लिहायला घेतलं. केसरबाई वाकून पाहत होती. तिला लिहिता फारसं येत नाही, वाचता येतं.

"चर्चा खोड," ती म्हणाली.

"अक्का, तसं लिहायची पद्धत..."

"खोड. तिनं नाव लिख. गाव लिख. जून महिनामा आदेश उना, चौदा महिना हाई कपाटमा ऱ्हायना, मंग ती विहिरमा पडनी. एवढंच लिख. कोनी पाडी ते मी सांगत नही. कपाट कोनं व्हतं ते लिख."

साहेब म्हणाले, "असं लिहिता येणार नाही, बाई."

"मंग आमी सह्या करावूत नही," केसरबाई म्हणाली. बाकीच्या सहा बायकांनी पेनं टेबलावर ठेवली. त्या बायकांनाही तोवर माहीत नव्हतं की त्या असं करतील.

सह्या नसल्या तर बैठक झाली असं धरत नाहीत, आणि बैठकीचा अहवाल महिनाअखेर जिल्ह्याला जायचा होता. साहेबांनी अभिमनला मानेनं खूण केली. अभिमननं "चर्चा" वर रेघ ओढली आणि खाली त्या बाईचं नाव लिहिलं. हात जड असल्यासारखा, एकेक अक्षर सुटं.